लंडन आणि टोकियो : मोठं कोण, दाट कोण?

चौकस (धागाकर्ता)

टोकियो म्हटलं की मुंगीला शिरायला जागा नाही आणि लंडन म्हटलं की ऐसपैस बागा, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आकडे काढून बसलो तर चित्र काही जुळेना.

ग्रेटर लंडनचं क्षेत्रफळ १,५७२ चौ. किमी. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८८ लाख. टोकियोचं क्षेत्रफळ २,१९४ चौ. किमी आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ४० लाख. भागाकार केला की लंडनमध्ये चौरस किलोमीटरला ५,६०० माणसं येतात आणि टोकियोत ६,४००. फरक जेमतेम १४ टक्के! एवढ्याशा फरकासाठी टोकियोच्या गर्दीचा इतका डंका का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा

गर्दी सरासरीत राहत नाही हो, सकाळी आठच्या गाडीत राहते. जागा धरून बसतो, येऊ द्या मोठे प्रतिसाद.

अक्षांश

चौकस, भागाकार बरोबर आहे, पण भाजक जरा उघडून बघा.

२,१९४ चौ. किमी हे संपूर्ण टोकियो प्रांताचं क्षेत्रफळ आहे. त्यात पॅसिफिकमधली इझु आणि ओगासावारा ही बेटंही येतात. ओगासावारा शहरापासून दक्षिणेला सुमारे १,००० किमी. तिथे विमानतळ नाही, बोटीने पूर्ण एक दिवस लागतो, तरी कागदोपत्री ते टोकियोच. आओगाशिमा हे ज्वालामुखीचं बेट, वस्ती दोनशेच्या आत, तेही टोकियोच. या बेटांवरच्या गाड्यांना नंबरप्लेटसुद्धा शहरातल्या शिनागावाची असते.

आता पश्चिमेला जा. ओकुतामा नावाचं गाव २२५ चौ. किमीवर पसरलंय आणि लोकसंख्या आहे पाच हजारांच्या आसपास. सगळा डोंगर आणि जंगल, अस्वलंही आहेत. टोकियोतलं सर्वांत उंच शिखर कुमोतोरी, २,०१७ मीटर, इथेच. शेजारी हिनोहारा, १०५ चौ. किमीत दोन हजार माणसं.

बेटं साधारण ४०० चौ. किमी. त्यात ही दोन डोंगरी गावं मिळवा, म्हणजे ७३० च्या आसपास. प्रांताच्या एक तृतीयांश जमिनीवर फक्त तीस-बत्तीस हजार माणसं राहतात. एवढंच बाजूला काढलंत तर उरतात १,४६० चौ. किमी आणि जवळपास तेच १ कोटी ४० लाख लोक. घनता ९,६०० वर जाते. शिवाय हे १,४६० लंडनच्या १,५७२ ला बऱ्यापैकी जवळ आहेत, म्हणजे तुलनेला जोड बरी जमते. लंडनपेक्षा थोड्या कमी जागेत ५२ लाख माणसं जास्त. डंका त्याचा आहे.

दशांश

अक्षांश यांच्याशी सहमत, पण 'टोकियो शहर' म्हणून बहुतेक लोक जे धरतात ते याहून आतलं आहे, ते २३ विशेष वॉर्ड. ६२८ चौ. किमी, लोकसंख्या ९७ लाख. घनता १५,५००.

गंमत म्हणजे कायद्याच्या दृष्टीने 'टोकियो शहर' नावाची महानगरपालिका आज अस्तित्वातच नाही. १९४३ मध्ये युद्धकाळात टोकियो शहर आणि टोकियो प्रांत एकत्र करून टाकले. तेव्हा ३५ वॉर्ड होते, १९४७ मध्ये त्यांचे २३ झाले. आज प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा निवडलेला महापौर आहे आणि सगळ्यांच्या वर टोकियोचा गव्हर्नर. पाणीपुरवठा, सांडपाणी, अग्निशमन हे वॉर्डांच्या वतीने वरचं सरकार पाहतं. त्यामुळे 'टोकियो'समोर कुठला आकडा लिहायचा, हा प्रश्न मुळातच गुंत्याचा आहे.

चौकस

अक्षांश, दशांश, दोघांचे आभार. पण हा न्याय एकतर्फी होतोय. टोकियोचे डोंगर वजा करायचे आणि लंडनची शेतं मात्र तशीच ठेवायची? ब्रॉम्ली हा लंडनचा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा बरो, म्हणजे प्रशासकीय विभाग. १५० चौ. किमी, लोकसंख्या ३ लाख ३० हजार. त्याच्या दक्षिण भागात शेतं आहेत, रानं आहेत, घोड्यांची कुरणं आहेत. घनता फक्त २,२०० भरते. हॅव्हरिंगही तसंच.

दशांश

रास्त हरकत. ग्रेटर लंडनच्या जमिनीपैकी साधारण २२ टक्के हरितपट्ट्यात, म्हणजे शहराभोवती मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जमिनीच्या कड्यात येते, म्हणजे ३५० चौ. किमी धरा. ती वजा केली तर १,२२० चौ. किमीत ८८ लाख. हरितपट्ट्यातही थोडीफार वस्ती आहे, ती इथे सोडून देतोय. घनता ७,२०० च्या आसपास. तरीही ९,६०० पेक्षा बरीच कमी.

पण ही वजाबाकी कुठे थांबवायची? आज शेतं काढली, उद्या बागा काढाल, परवा नदी काढाल. त्यापेक्षा सरासरीच वेगळ्या तऱ्हेने काढावी. एका चौकोनात १०,००० माणसं आहेत आणि शेजारच्या तेवढ्याच चौकोनात १००. साधी सरासरी येते ५,०५०. मात्र १०,१०० पैकी एकही माणूस ५,०५० घनतेच्या वस्तीत राहत नाही. प्रत्येक माणसाला 'तुझ्या चौकोनात किती जण?' असं विचारून उत्तरांची सरासरी काढली तर ती ९,९०० येते. याला लोकसंख्याभारित घनता म्हणतात. यात डोंगर, बेटं, शेतं आपोआप गळतात, कारण तिथे उत्तर द्यायला माणसंच नसतात.

हे गणित करायला लहान चौकोनांची आकडेवारी लागते. तेवढा खटाटोप नको असेल तर सोपी खूण सांगतो. लंडनचा सर्वांत दाट बरो टॉवर हॅम्लेट्स, २०२१ मध्ये घनता सुमारे १५,७००. टोकियोच्या २३ वॉर्डांची *सरासरीच* १५,५०० आहे. तिथला सर्वांत दाट वॉर्ड तोशिमा, १३ चौ. किमीत तीन लाख माणसं, घनता २३,००० च्या घरात.

पाटीपेन्सिल

माझी शंका अगदी बाळबोध आहे. ऑनलाइन नकाशावर दोन्ही शहरं एकाच झूमवर उघडून शेजारी शेजारी ठेवली. लंडन अवाढव्य दिसतं, टोकियोचे २३ वॉर्ड त्यात चार वेळा बसतील. वर दिलेल्या आकड्यांनी तर अडीच पटच येतात. कोण खोटं बोलतंय?

अक्षांश

नकाशा! शंका बाळबोध अजिबात नाही, भल्याभल्यांना हे लक्षात येत नाही.

हे नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर बनतात. त्यात विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकं सगळं फुगतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते याच कारणाने. लंडन ५१.५ अक्षांशावर, टोकियो ३५.७ वर. एकाच झूमला लंडनमधलं अंतर टोकियोच्या मानाने १.३ पट ताणलं जातं. क्षेत्रफळ म्हणजे १.३ चा वर्ग, साधारण १.७ पट. आता खरं गुणोत्तर घ्या. १,५७२ भागिले ६२८, म्हणजे अडीच. त्याला १.७ ने गुणा. सव्वाचार! तुमच्या डोळ्यांनी अचूक मोजलंय.

कोपऱ्यातली किलोमीटरची पट्टी दोन्ही चित्रांत सारखी करून घ्या, झूमचा आकडा नको. किंवा एका शहराची हद्द उचलून दुसऱ्यावर सरकवता येते अशी साधनं आहेत, ती सरकवताना आकार आपोआप दुरुस्त करतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'बघा हे शहर केवढं' छापाच्या निम्म्याअधिक चित्रांत ही पट्टी कापलेली असते. मला त्यांचा मनापासून राग येतो.

रिकामटेकडा

पट्टी कापणाऱ्यांचा निषेध!

बाकी टोकियोत इतकी माणसं मावतात ती उंच इमारतींमुळे ना? लंडनमध्ये आपली बुटकी विटांची घरं.

उंबरठा

हे निम्मंच खरं. शिंजुकूचे टॉवर चित्रांत दिसतात म्हणून तसं वाटतं. सेतागाया वॉर्ड घ्या. ५८ चौ. किमी, साडेनऊ लाखांच्या जवळपास लोकसंख्या, घनता १६,००० च्या वर. त्याचा बराच मोठा भाग दोन-तीन मजली घरांचा आहे.

घनता येते ती प्लॉट लहान आणि गल्ल्या अरुंद असल्यामुळे. जपानच्या १९५० च्या बांधकाम कायद्याने रस्ता किमान ४ मीटर रुंद हवा असं ठरवलं. जुन्या गल्ल्या त्याहून चिंचोळ्या, म्हणून नियम असा केला की घर पाडून नवं बांधताना गल्लीच्या मध्यापासून २ मीटर मागे सरकायचं. एकेक घर एकेका पिढीत मागे सरकतंय, गल्ली दातेरी दिसते. दोन घरांमध्ये हात घालता येईल एवढीच फट. लंडनच्या रांगेतल्या घरांना मागे लांबट परसबाग असते, पुढे फूटपाथ, मग रुंद रस्ता. उंची तीच, पण जमिनीचा हिशोब वेगळा.

आणि बागा. लंडनचं रिचमंड पार्क ९.५५ चौ. किमी आहे. टोकियोचा सर्वांत लहान वॉर्ड ताइतो १०.१ चौ. किमीचा, आणि त्यात दोन लाखांवर माणसं राहतात, शिवाय उएनोची बाग, तिथली संग्रहालयं आणि आसाकुसाचं मंदिरही. म्हणजे एका शहराचा अख्खा वॉर्ड आणि दुसऱ्याचं हरणांचं कुरण एकाच मापाचं.

रेल्वेवेडी

इतक्या प्रतिसादांत कुणी 'असं का झालं' हे विचारलेलं नाही, म्हणून लांबण लावते.

दोन्ही शहरांची सुरुवात सारखीच होती. रेल्वे गेली तिकडे घरं गेली. लंडनमध्ये १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. पुढे त्याच मेट्रोपॉलिटन रेल्वेने वायव्येकडच्या स्वतःच्या जमिनींवर घरं विकायला सुरुवात केली आणि १९१५ पासून त्या पट्ट्याची 'मेट्रोलँड' म्हणून जाहिरात केली. टोकियोत १९१८ मध्ये उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उपनगरं वसवणारी कंपनी निघाली. देनएनचोफू ही वसाहत तिची, आणि कल्पना इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डच्या उद्याननगरांवरून घेतलेली. इथवर दोघं हातात हात घालून.

मग लंडनने ब्रेक मारला. १९३८ चा हरितपट्टा कायदा, १९४४ ची पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांची बृहद् लंडन योजना. शहराभोवती मोकळ्या जमिनीचं कडं, त्यात बांधकाम नाही, वाढणारी माणसं कड्यापलीकडच्या नव्या शहरांत. १९४६ मध्ये कायदा झाला आणि स्टीव्हनेज हे त्यातलं पहिलं. भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन या कड्यातल्या बुशी हीथपर्यंत न्यायची होती, काही काम झालंही होतं. पण जिथे घरं बांधायला बंदी तिथे प्रवासी कुठून येणार? युद्धानंतर तो विस्तार रद्द झाला. आज हा हरितपट्टा ५,००० चौ. किमीहून मोठा आहे, खुद्द ग्रेटर लंडनच्या तिपटीपेक्षा जास्त.

आता टोकियो. तिथेही हेच करायचं ठरलं होतं! १९५६ चा राजधानी प्रदेश कायदा आणि १९५८ ची योजना यांत लंडनच्या धर्तीवर साधारण १० किमी रुंदीचा हरितपट्टा आखला होता. त्या पट्ट्यातल्या गावांनी आणि जमीनमालकांनी कडाडून विरोध केला. गाड्या धावत होत्या, जमिनीला भाव येत होता आणि यांना सांगितलं जात होतं की शेतीच करा. १९६५ मध्ये कायदा बदलला आणि पट्टा कागदावरूनच पुसला गेला. त्यानंतर शहर रुळांच्या दोन्ही बाजूंनी सलग वाहत गेलं, योकोहामा, कावासाकी, साइतामा, चिबा सगळ्यांना मिळेपर्यंत. आगगाडीतून जाताना एक शहर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे फलक वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मला वाटतं, हे फक्त घनतेचं प्रकरण नाही. लंडनला आखलेली कड आहे, टोकियोला ती नाही. ८८ लाख हा आकडा जितका माणसांचा आहे तितकाच त्या कड्याचा आहे. कडं नसतं तर ल्यूटन आणि रेडिंगही आज सलग वस्तीत असते आणि आपण वेगळाच आकडा लिहिला असता.

जुनापुराणा

रेल्वेवेडी, प्रतिसाद आवडला. इतिहासाची थोडी भर.

अठराव्या शतकात एडोची, म्हणजे जुन्या टोकियोची, वस्ती दहा लाखांवर होती असं मानलं जातं. तेव्हा लंडन त्याच्या मागे होतं. १८०१ च्या पहिल्या जनगणनेत आजच्या ग्रेटर लंडनच्या हद्दीत सुमारे ११ लाख लोक होते. १९०१ पर्यंत ते ६५ लाख झाले. १९३९ मध्ये ८६ लाख.

तिथून लंडन *आटलं*. युद्ध, बॉम्ब, नवी शहरं, बंद पडलेल्या गोद्या. १९८० च्या दशकात लोकसंख्या ६८ लाखांच्या आसपास होती. १९३९ चा आकडा पुन्हा गाठायला २०१५ उजाडलं. एवढं मोठं शहर सत्तर-पंचाहत्तर वर्षं स्वतःच्याच जुन्या आकड्याच्या खाली राहिलं, हे लोकांना सांगूनही पटत नाही.

टोकियोचं त्याहून भीषण. १९४० मध्ये शहराच्या हद्दीत ६८ लाख, १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये २८ लाख. मार्च १९४५ चा बॉम्बहल्ला आणि गावांकडे पाठवलेली माणसं. पण १९६५ पर्यंत तेच २३ वॉर्ड ८९ लाखांवर पोहोचले होते. मग जमीन महाग झाली, कुटुंबं उपनगरांत गेली, १९९५ ला ८० लाखांच्या खाली. आणि आता पुन्हा ९७ लाख.

चौकस

मग 'टोकियो जगातलं सर्वांत मोठं शहर, पावणेचार कोटी' हे जे सगळीकडे वाचतो ते काय? ९७ लाख कुठे, पावणेचार कोटी कुठे.

दशांश

ते चार प्रांतांचं टोकियो. टोकियो, कानागावा, साइतामा, चिबा. साधारण १३,५०० चौ. किमी आणि २०२० मध्ये ३ कोटी ६९ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात ३ कोटी ७४ लाखांसह टोकियो पहिलं होतं. त्या यादीत प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने आखलेली हद्द वापरली होती.

२०२५ च्या अहवालात मोजपट्टीच बदलली. जगभर एकच नियम लावला. एक किलोमीटर बाजूचे चौकोन घ्यायचे, किमान १,५०० घनता असलेले एकमेकांना लागून असलेले चौकोन जोडायचे, एकूण ५०,००० माणसं भरली की ते शहर. कुणाची नगरपालिका कुठे संपते याच्याशी देणंघेणं नाही. आणि क्रम उलटला. जकार्ता पहिलं, जवळपास ४ कोटी २० लाख. ढाका दुसरं. टोकियो तिसरं, ३ कोटी ३० लाख. टोकियोतून चाळीसेक लाख माणसं कुठे निघून गेली नाहीत, रेघ सरकली.

लंडनला सलग वस्तीचा निकष लावला तर फारसं बिघडत नाही. २०११ मध्ये ब्रिटिश सांख्यिकी कार्यालयाने सलग बांधलेला भाग मोजला, १,७३८ चौ. किमी आणि ९८ लाख. त्याच वर्षी प्रशासकीय लंडनमध्ये ८२ लाख होते. रेल्वेवेडी यांचं कडं इथे दिसतं. बाहेर सांडायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून दोन्ही हद्दी जवळजवळ.

रिकामटेकडा

आणि ते चीनमधलं चोंगछिंग? 'जगातलं सर्वांत मोठं शहर, ३ कोटी २० लाख' म्हणून एकाने मला पाठवलं होतं.

अक्षांश

८२,००० चौ. किमी. ऑस्ट्रिया देशाएवढं. आत भातशेती, डोंगर, नद्या, शेकडो गावं. प्रशासकीय दर्जा नगरपालिकेचा, बाकी प्रांतच. पुढे कुणी पाठवलं तर क्षेत्रफळ विचारा, संभाषण आपोआप थांबतं.

उंबरठा

एक गोष्ट राहिली. हे सगळे आकडे माणूस झोपतो कुठे याचे आहेत. चियोदा हा टोकियोचा मधला वॉर्ड, संसद आणि मारुनोउचीची कार्यालयं तिथे. ११.७ चौ. किमी, राहणारे ६७ हजार. घनता ५,७००. म्हणजे टोकियोचा गाभा कागदावर ग्रेटर लंडनच्या सरासरीएवढाच विरळ! २०१५ च्या जनगणनेनुसार दिवसा तिथे साडेआठ लाख माणसं असतात. घनता ७३,००० च्या आसपास.

लंडनचा जुना गाभा, सिटी ऑफ लंडन, फक्त २.९ चौ. किमी. राहणारे ८,६०० आणि नोकरीला येणारे सहा लाखांवर. दिवसाच्या हिशेबाने चौरस किलोमीटरला दोन लाखांवर जातात. चौकस यांनी धागा काढला तो 'टोकियो दाट नाही' म्हणून, आणि दुपारी एक वाजता लंडनचा हा तुकडा चियोदाच्या जवळपास तिप्पट दाट.

चौकस

हे भलतंच. पण तुकडा लहान घेतला की आकडा चढणारच ना? २.९ आणि ११.७ ची जोड कशी लावायची? चियोदातही राजवाड्याची मोकळी जागा मोठी आहे.

उंबरठा

हो, राजवाड्याचं आवार एक चौ. किमीहून थोडं जास्त आहे. ते काढलं तरी चियोदा ८०,००० च्या आसपास राहतो. फक्त मारुनोउची आणि ओतेमाचीचा तुकडा कापून घेतला तर लंडनच्या सिटीशी खरी जोड लागेल. आणि दिवसाची लोकसंख्या ही प्रत्यक्ष डोकी मोजून काढत नाहीत, हेही लक्षात घ्या. जपानच्या जनगणनेत नोकरीची किंवा शाळेची जागा विचारतात, त्यावरून येणारे मिळवतात आणि जाणारे वजा करतात. राजवाडा बघायला आलेले पर्यटक, खरेदीला आलेले लोक, कचेरीत कामासाठी खेटे घालणारे, यांतलं कुणीच त्या साडेआठ लाखांत नाही.